शेवटच्या रिळाच्या आधी

(स्त्री-संघटनांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत कायदा, रेशन, हिंसा, आरोग्य अशा विषयांच्या रांगेत ‘जुने चित्रपट’ हा विषय बघून काहीजणींना आश्चर्य वाटलं. एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, “ताई, त्या पिक्चरमधल्या बाया नुसत्या सोसतात आणि रडतात. त्यातून आम्ही काय घ्यायचं?” प्रश्न रास्त आहे. आजचं सगळं बोलणं त्याच्या उत्तरासाठीच आहे.

माझं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. १९५०च्या दशकातले आणि साठीच्या सुरुवातीचे जे चांगले चित्रपट आहेत, ते बाईचा प्रश्न फार नेमका मांडतात. कर्जाचा, जातीचा, पगाराचा, घरातल्या दुय्यम जागेचा. दोन-अडीच तास ते आपल्याला हलू देत नाहीत. पण शेवटचं रीळ आलं की बहुतेकांचा धीर सुटतो. कुणी कुणाला माफ करतं, कुणी बलिदान देतं, कुणाचं हृदयपरिवर्तन होतं आणि दिवे लागतात. प्रश्न मिटवला जातो, सुटत नाही. म्हणून तोच प्रश्न आज आपल्या सल्ला केंद्रात येऊन बसतो आणि हे चित्रपट आजचे वाटतात. ते कसे बघायचे, तर शेवटच्या रिळाच्या आधी जे दाखवलंय ते नीट बघायचं आणि शेवटी काय झाकलं तेही बघायचं.

काळ लक्षात घ्या. १९४३चा बंगालचा दुष्काळ आणि १९४७ची फाळणी ताजी होती. ‘इप्टा’ ही जननाट्य चळवळ १९४३मध्ये उभी राहिली आणि तिथून तयार झालेली अनेक माणसं सिनेमात गेली. १९५०मध्ये घटना लागू झाली, तिने समतेचं वचन दिलं. पण १९५१मध्ये हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. पुढे त्याच बिलाचे तुकडे होऊन १९५५मध्ये हिंदू विवाह कायदा आणि १९५६मध्ये वारसा कायदा आला. कागदावर हक्क येत होते, घरात काही बदलत नव्हतं. ही जी फट होती, तिच्यात हे चित्रपट उभे आहेत.

पहिलं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं, मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’, १९५७चा. याच दिग्दर्शकाने हीच कथा १९४०मध्ये ‘औरत’ नावाने केली होती. सतरा वर्षांत राज्य बदललं, सावकार तोच राहिला. आपण या चित्रपटाला ‘त्यागमूर्ती आई’ म्हणून सोडून देतो. मी म्हणते, आईपण जरा बाजूला ठेवा आणि हिशोब बघा. राधाच्या लग्नासाठी तिच्या सासूने सुखीलालाकडून ५०० रुपये काढलेत. घरात कुणाला वाचता येत नाही. कागदावर काय लिहिलंय यावरून वाद होतो, पंच सावकाराच्या बाजूने निकाल देतात आणि पिकाचे चारातले तीन वाटे व्याजात जायला लागतात. मुद्दल तसंच. मग नवरा शामू जास्तीची जमीन कसायला काढतो, धोंड्याखाली त्याचे दोन्ही हात जातात आणि अपंगपणाची लाज सहन न होऊन तो घर सोडून निघून जातो. राधा ना सधवा ना विधवा. आपल्याकडे अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणत, आपण ‘परित्यक्ता’ म्हणायला लागलो. नवरा गेला, पण त्याचं कर्ज घरातच राहिलं.

एका गावात आम्ही हा चित्रपट दाखवला. नांगराला जुंपून घेणारी राधा बघून सगळ्या गप्प झाल्या होत्या. नंतर चर्चेत एक शेतकरी बाई म्हणाली, “बाकी सगळं खरं आहे. पण जमीन कुणाच्या नावावर होती?” चित्रपट अनेकदा बघूनही मला हा प्रश्न सुचला नव्हता. तीन तासांच्या चित्रपटात तो एकदाही येत नाही. राबते राधा, फेडते राधा, आणि सात-बाऱ्याचा विषयच नाही. १९८६च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली, शेतकऱ्यांना सांगितलं की बायकोच्या नावावर जमीन करा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका जन्मजात वाटा महाराष्ट्राने १९९४मध्ये दिला, केंद्राने २००५मध्ये. तरी विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको तलाठ्याकडे आणि बँकेत किती खेटे घालते, हे इथल्या कितीतरी जणींना ठाऊक आहे.

आता शेवटचं रीळ. धाकटा मुलगा बिरजू सावकाराला मारतो, हिशोबाच्या वह्या जाळतो आणि सावकाराच्या मुलीला लग्नातून उचलून नेतो. राधा त्याच्यावर गोळी झाडते. मुलीला पळवणाऱ्या पोटच्या पोराला आई सोडत नाही, हे मोठंच आहे. मुलाच्या गुन्ह्यावर पांघरूण घालणाऱ्या आया आपण रोज बघतो, त्यामुळे मी ते कमी लेखणार नाही. पण ती ज्या भाषेत बोलते ती गावाच्या अब्रूची. चित्रपट सुरू झाला होता व्याजावर, संपतो अब्रूवर. पंच कसे बसले, कागद कुणी लिहिला, हे प्रश्न गोळीच्या आवाजात विरून जातात. बाईचा प्रश्न अब्रूवर नेऊन ठेवला की बाकीचं विचारायची सोय राहत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

दुसरा चित्रपट मुद्दाम घेतलाय, कारण तो आपल्यावरच आहे. गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’. १९५५ म्हणजे हिंदू विवाह कायद्याचंच वर्ष. ललिता पवार यांनी केलेली सीतादेवी ही स्त्री-संघटनेची पुढारी आहे. ती घटस्फोटाच्या कायद्यासाठी भांडते आणि तिला पुरुषांचा तिटकारा आहे. तिची भाची अनिता, म्हणजे मधुबाला, हिला वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे एकविसावं वर्ष पूर्ण झाल्यावर महिन्याभरात लग्न केलं तरच संपत्ती मिळणार असते. आत्या एका बेकार व्यंगचित्रकाराला पैसे देऊन नावापुरता नवरा करते, पुढे घटस्फोट घ्यायचा या बेताने. अर्थात अनिता त्याच्या प्रेमात पडते आणि शेवटी आत्याला सोडून त्याच्याकडे धावत जाते.

चित्रपट खुसखुशीत आहे. मीही दर वेळी हसते. पण मध्ये एक प्रसंग आहे. अनिता नवऱ्याच्या गावी जाते, तिथे जाऊबाई चुलीशी बसलेली. नवरा कधी मारतो का, असं अनिता विचारते. ती म्हणते, मारतो, पण प्रेमही करतो. आणि हे ऐकून शहरी, शिकलेल्या अनिताला ‘खरा संसार’ कळतो! आता सल्ला केंद्रात काम करणाऱ्या मैत्रिणींनी सांगावं, हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? लेखकाने ते कौतुकाने लिहिलं. आज आपण ते ऐकतो तेव्हा ती तक्रार नोंदवल्यासारखीच वाटते. चित्रपटाला जे सांगायचं नव्हतं तेही तो असा सांगून जातो.

चित्रपटात घटस्फोट हे श्रीमंत बायकांचं खूळ आहे. खरं काय होतं? हिंदू पुरुषाला एकीवर दुसरी करायला बहुतेक ठिकाणी मोकळीक होती आणि टाकलेल्या बाईला त्या लग्नातून सुटका नव्हती. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६मध्ये आणि घटस्फोटाचा १९४७मध्ये आला होता, म्हणजे ज्या मुंबईत ही गोष्ट घडते तिथे घटस्फोट तेव्हा नवाही नव्हता. त्याचा उपयोग कुणाला होता, ती बाई या चित्रपटात आहेच, चुलीशी बसलेली. पण कॅमेरा तिच्याकडे आदर्श म्हणून बघतो. कायदा मागणारी आत्या खलनायिका आणि मार खाणारी जाऊबाई आदर्श, ही मांडणी ओळखीची वाटते ना? ४९८-अ आलं तेव्हा आणि २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आला तेव्हा आपल्याबद्दल हेच विनोद झाले. घरं मोडणाऱ्या, केस कापलेल्या, पुरुषद्वेष्ट्या. विनोद किती जुना आहे हे माहीत असलं की तो ऐकून गडबडायला होत नाही.

तिसरा ‘सुजाता’, बिमल रॉय यांचा, १९५९चा. त्यात नूतन, सुलोचना, ललिता पवार, शशिकला, अशा आपल्या माणसांनीच पडदा भरलाय. अस्पृश्य मानलेल्या जातीतली एक अनाथ मुलगी ब्राह्मण इंजिनीअरच्या घरात वाढते. सुलोचनाबाईंची चारू तिला वाढवते, पण पाहुण्यांसमोर ओळख करून देताना रमा ही ‘मुलगी’ आणि सुजाता ‘मुलीसारखी’. अख्खा चित्रपट या एका ‘सारखी’वर उभा आहे. रमा कॉलेजात जाते, बॅडमिंटन खेळते. सुजाता घर सांभाळते, झाडं वाढवते. कुणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. तिचं वेगळेपण सगळं मायेच्या भाषेत चालतं. जात मारहाणीतूनच दिसते असं समजणाऱ्यांनी हा चित्रपट बघावा. आणि धुणंभांडी करणाऱ्या बाईविषयी ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे’ असं म्हणताना आपण थांबावं. घरच्यासारखी आहे, तर तिची रविवारची सुट्टी कुठे आहे? तिचा कप वेगळा का? घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८मध्ये झाला, तो ‘सारखी’ने भागत नाही म्हणूनच करावा लागला.

शेवटी काय होतं? चारू जिन्यावरून पडते, रक्त लागतं, जुळतं ते सुजाताचंच. रक्त दिल्यावर ‘सारखी’ गळून पडतं आणि ती मुलगी होते. मला इथे नेहमी प्रश्न पडतो, रक्तगट जुळला नसता तर? दलित मुलीने माणूस म्हणून स्वीकारलं जायला आधी रक्त का द्यायचं? चित्रपटात गांधीजींची शिकवण ठळकपणे येते, रवींद्रनाथांची ‘चंडालिका’ येते. पण त्याच्या तीनच वर्षं आधी, १९५६च्या ऑक्टोबरात, नागपुरात लाखोंनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली होती, त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी कुणाच्या घरात ‘मुलीसारखं’ म्हणून जागा मागितली नव्हती. ती वाट सुजाताला कुणी दाखवत नाही. चित्रपट वरच्या जातीच्या घरातून जातीकडे बघतो, प्रामाणिकपणे बघतो, पण घराबाहेर पडत नाही.

आता दोन बंगाली चित्रपटांकडे येते. बंगाली येत नाही म्हणून हे चित्रपट आपल्या गटांत फारसे दाखवले जात नाहीत. पण गोष्ट आपल्या चाळीतली वाटावी इतकी जवळची आहे आणि यांची शेवटची रिळं वेगळी आहेत.

ऋत्विक घटक यांचा ‘मेघे ढाका तारा’, १९६०चा. फाळणीत उखडलेलं कुटुंब कलकत्त्याच्या कडेला निर्वासितांच्या वस्तीत राहतंय. थोरली मुलगी नीता शिकवण्या करते, पुढे नोकरी धरते. तिच्या पैशावर भावाचं गाणं, बहिणीच्या साड्या, वडिलांचं आजारपण सगळं चालतं. तिची स्वतःची चप्पल तुटलेलीच. तिने लग्न केलं तर चूल कशी पेटणार ही धास्ती आईला आहे, म्हणून धाकटी तिच्या मित्राजवळ जाते तेव्हा आई तिकडे काणाडोळा करते. आई दुष्ट नाही, ती हिशोब करतेय. यात खलनायक कुणीच नाही, आणि नीता क्षयाने संपत जाते. डोंगरातल्या सॅनेटोरियममध्ये ती भावाला ओरडून सांगते की तिला जगायचं होतं. शेवटी रस्त्यावर दुसऱ्याच एका मुलीची चप्पल तुटते, ती ओशाळून हसते आणि पुढे चालायला लागते. समेट नाही, दिलासा नाही. एक नीता संपली, दुसरी तयार आहे.

कमावत्या मुलीची ही गोष्ट पडद्यामागेही घडत होती. हंसा वाडकर यांचंच बघा. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. त्यात तमाशाच्या बोर्डावरून गावच्या पाटलाच्या जुन्या गुन्ह्याला तोंड फोडलं जातं. हंसाबाई स्वतः लहान वयात घरासाठी सिनेमात आल्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्या कमाईवर घर चाललं. ती कमाई, ते घर आणि आपलं मन याबद्दल त्या १९७०मध्ये पुस्तकातून बोलल्या आणि पुस्तकाला नाव दिलं तेच, ‘सांगत्ये ऐका’. त्यावरूनच १९७७मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ आला. तमाशाच्या बोर्डावरून जे सांगणं सुरू झालं, ते बाईने पुढे स्वतःच्या नावाने पूर्ण केलं. त्या दोन्हींमध्ये अकरा वर्षं गेली.

आणि शेवटचा, माझ्या मते आपल्या गटांसाठी सगळ्यात उपयोगाचा, सत्यजित राय यांचा ‘महानगर’, १९६३चा. सुब्रत बँकेत कारकून. पगारात आईवडील, बहीण, मुलगा यांचं भागत नाही, म्हणून बायको आरती नोकरी धरते. घरोघर जाऊन विणकामाची यंत्रं विकायची. नोकरीची कल्पना सुब्रतचीही आहे, आणि तीच त्याला सोसत नाही. निवृत्त शिक्षक असलेले सासरे अबोला धरतात आणि सुनेची कमाई नको म्हणून आपल्या मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांकडे मदत मागत फिरतात. सुनेचा पैसा अपमानाचा आणि लोकांपुढे पसरलेला हात मानाचा! हा पुरुषी मान काय चीज आहे ते राय एकही भाषण न देता दाखवतात.

यात एक क्षण आहे. पहिला पगार हातात पडल्यावर आरती ऑफिसच्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभी राहते आणि त्या कोऱ्या नोटा बघते. आमच्या वस्तीतल्या गटात एक बाई इथे जोरात म्हणाली, “आम्ही पण असंच बघतो, संडासातच. घरी गेल्यावर त्या आपल्या राहत नाहीत.” त्यावर जी चर्चा झाली ती दोन तास थांबली नाही. पगार कुणाच्या हातात पडतो, बँकेचं कार्ड कुणाजवळ असतं, मोबाइलवर पैसे आल्याचा मेसेज कुणाच्या नंबरवर येतो, सगळं निघालं.

पुढे सुब्रतच्या सांगण्यावरून आरती राजीनामा लिहून नेते. तो द्यायच्या आतच त्याचा फोन येतो, की देऊ नकोस, बँक बुडाली. म्हणजे बाईने नोकरी कधी धरायची आणि कधी सोडायची हे घराच्या सोयीवर. पण शेवटी ती सोडते ते स्वतःच्या निर्णयाने. तिच्याबरोबरची एडिथ ही अँग्लो-इंडियन मुलगी आजारी म्हणून रजेवर असते. मालक तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिला काढून टाकतो. आरती मालकाला माफी मागायला सांगते. तो मागत नाही, तेव्हा घरातला एकमेव पगार तिचा असूनही ती राजीनामा त्याच्यापुढे ठेवून बाहेर पडते. नवऱ्याला न विचारता, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या चालीरीतीच्या मैत्रिणीसाठी. खाली नवरा भेटतो, आधी हादरतो, मग तिच्या बाजूने उभा राहतो. एवढ्या मोठ्या शहरात दोघांपैकी एकाला तरी काम मिळेलच, असं म्हणत दोघं गर्दीत मिसळतात. त्यांना काम मिळालं का, चित्रपट सांगत नाही.

कामाच्या जागी बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिला हुसकणं हे आपल्याला काही नवं नाही. त्यावर विशाखा निकाल यायला १९९७ उजाडलं आणि कायदा व्हायला २०१३. १९६३मध्ये आरतीजवळ यातलं काहीच नव्हतं. आमच्या गटात यावर भांडण झालं. काहीजणी म्हणाल्या, राजीनामा देऊन मालकाचं काय बिघडलं? आत राहून बाकीच्या पोरींना जमवायला हवं होतं. दुसऱ्या म्हणाल्या, आधी एकीने तरी ‘नाही’ म्हणायला हवं ना. मला वाटतं हे भांडण अजून संपलेलं नाही आणि चित्रपट ते आपल्यासाठी शिल्लक ठेवतो, हेच त्याचं मोल.

तेव्हा कामाचं बोलते. आपल्या गटांत हे चित्रपट दाखवताना तीन गोष्टी करा. एक, शेवटचा भाग लावायच्या आधी थांबवा आणि विचारा, आता काय व्हायला हवं? बायका काय सांगतात ते लिहून घ्या, मग शेवट दाखवा. दोन, प्रत्येक चित्रपटाला हिशोबाचे प्रश्न विचारा. घर कुणाच्या कमाईवर चाललंय? जमीन, घर, दागिना कुणाच्या नावावर आहे? वाचता कुणाला येतं? निर्णय कुणी घेतला? तीन, पडद्यावर कोण नाही ते विचारा. दलित बाई स्वतःच्या तोंडाने बोलतेय का? मुसलमान बाई आहे का? मोलकरणीला नाव आहे का? भाषा येत नसेल तर एकीने शेजारी बसून सांगावं. त्यात आणखी गंमत येते, कारण सांगणारी आपलंही दोन वाक्यं घालते.

त्या पिक्चरमधल्या बाया रडतात हे खरं. पण राधा कशाने रडते हे ५०० रुपयांच्या कागदात लिहिलेलं आहे आणि सुजाता कशाने, ते एका ‘सारखी’मध्ये. दिग्दर्शकांनी कारण दाखवलं आणि शेवटी उपाय म्हणून माया पुढे केली. त्या काळात त्यांना तेवढंच सुचलं असेल, किंवा प्रेक्षक तेवढंच पचवतील असं वाटलं असेल. आपल्याजवळ आज कायदे आहेत, संघटना आहेत, अनुभव आहे. म्हणून आज संध्याकाळी ‘महानगर’ बघताना रुमाल जवळ ठेवाच, पण वही-पेन्सिलही ठेवा. नंतर चर्चेला प्रत्येक गटाने एक प्रश्न घेऊन यायचं आहे.